‘आयर्विन’ या नावाचा नेमका अर्थ काय?

रंकाळाकाठ

मुलगा झालाय. महापालिकेत जन्माची नोंद झाली, पण नावाचा रकाना अजून रिकामा ठेवलाय. घरच्यांचा कल ‘आयर्विन’कडे आहे. पणजोबांचं नाव होतं, आणि सांगलीच्या पुलामुळे कानाला परकंही वाटत नाही. पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा आहे, त्याआधी ठरवायचंय.

अडचण अर्थाची आहे. नावांच्या चार साइटी उघडल्या तर चार अर्थ मिळाले. एकीवर ‘समुद्राचा मित्र’, दुसरीवर ‘हिरवं पाणी’, तिसरीवर ‘सैन्याचा मित्र’ आणि चौथीवर ‘रानडुकराचा मित्र’. हा शेवटचा वाचल्यापासून घरात नावच रद्द करायची भाषा सुरू झालीय. यातला खरा कोणता? स्पेलिंग डब्ल्यूने करायचं की व्हीने? आणि मराठीत आयर्विन लिहायचं, इर्विन की अर्विन? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

जुना_बुधवार

चारपैकी तीन अर्थांना आधार आहे, पण ते तीन वेगवेगळ्या नावांचे आहेत. उच्चार जवळजवळ असल्यामुळे साइटींनी सगळं एकाच टोपलीत टाकलंय.

आय-आर-डब्ल्यू-आय-एन या इंग्रजी व्यक्तिनावाचं मूळ जुन्या इंग्रजीत आहे. ‘एओफोर’ म्हणजे रानडुक्कर आणि ‘विने’ म्हणजे मित्र, दोन्ही मिळून ‘एओफोरविने’. जुन्या इंग्रजीत दोन स्वरांच्या मध्ये आलेला फ हा व्हसारखा उच्चारत, म्हणून पुढे त्याचं ‘एव्हरविन’ झालं. मग मधला व्ह गळाला आणि ‘एर्विन’, ‘इर्विन’ अशी रूपं आली. त्यामुळे रानडुक्करवाली साइट या नावापुरती बरोबर आहे.

‘सैन्याचा मित्र’ हा जर्मन एर्विनचा अर्थ. ते स्पेलिंग ई-आर-डब्ल्यू-आय-एन. त्यातला पहिला घटक ‘हेरि’ म्हणजे सैन्य, दुसरा तोच मित्रवाला. भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर याचं नाव हे. इंग्लंड-अमेरिकेत दोन्ही नावं इतकी मिसळली की एकाच घरात एक भाऊ आयने आणि दुसरा ईने लिहितो, पण मुळं वेगळी आहेत.

‘हिरवं पाणी’ हा तर व्यक्तिनावाचा अर्थच नाही. स्कॉटलंडच्या एअरशायर भागात अर्विन नावाची नदी आहे आणि तिच्या मुखाशी त्याच नावाचं गाव. स्पेलिंग आय-आर-व्ही-आय-एन-ई, शेवटचा ई उच्चारत नाहीत. कोशांत सहसा त्याची फोड वेल्श शब्दांवरून देतात. ‘ईर’ म्हणजे ताजं, हिरवं आणि ‘आव्हॉन’ म्हणजे नदी. इंग्लंडमधल्या एव्हॉन नद्यांच्या नावात हाच नदीवाचक शब्द आहे.

‘समुद्राचा मित्र’ सोडून द्या. मर्विनचं जुनं रूप ‘मेरेविने’ हे वेगळंच नाव, त्यातल्या ‘मेरे’चा अर्थ समुद्र किंवा तळं. मर्विनचा अर्थ कुणीतरी आयर्विनला चिकटवला आणि बाकीच्यांनी नकला मारल्या.

‘विने’चं जुनं स्पेलिंग आजच्या दारूच्या ‘वाइन’सारखंच दिसतं. त्यावरून काही ठिकाणी मद्याशी नातं जोडलेलं आढळेल, ते चूक आहे. दारूला जुन्या इंग्रजीत दीर्घ ईकाराचा ‘वीन’ असा निराळा शब्द होता. मित्रवाचक ‘विने’चं नातं लागतं ते संस्कृतातल्या ‘वन्’ धातूशी (इच्छिणे, प्रेम करणे) आणि लॅटिनमधल्या व्हीनसशी. एडविन, गॉडविन, बाल्डविन, डार्विन या सगळ्यांच्या शेपटाला तोच ‘विने’ आहे. एडविन म्हणजे संपत्ती आणि मित्र, डार्विन म्हणजे प्रिय मित्र.

कसबा_बावडा

सोपं करून सांगतो. पूल लॉर्ड आयर्विनच्या नावाचा. आयर्विन हे त्या व्हाइसरॉयचं आडनाव. तेव्हा पुलावरनं नाव घ्यायचं असलं तर अर्थ रानडुकराचाच धरायला लागतोय की.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

भावा, इथंच गल्लत होते. आयर्विन हे त्या माणसाचं नावही नव्हतं आणि आडनावही नव्हतं. एडवर्ड फ्रेडरिक लिंडली वुड हे त्याचं पूर्ण नाव. १९२५ मध्ये, व्हाइसरॉय म्हणून नेमणूक झाल्यावर, त्याला उमरावपद मिळालं, ‘बॅरन आयर्विन ऑफ कर्बी अंडरडेल’. एप्रिल १९२६ ते एप्रिल १९३१ तो व्हाइसरॉय होता. १९३४ मध्ये वडील वारल्यावर तो व्हायकाउंट हॅलिफॅक्स झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीचा ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स म्हणतात तो हाच. अभ्यासाच्या पुस्तकात मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात एक नाव आणि पुढच्या धड्यात दुसरं, त्यामुळे पोरांना ही दोन माणसं वाटतात.

आता ही पदवी कुठनं आली ते बघा. लीड्सजवळ टेंपल न्यूसम नावाचा मोठा वाडा आहे. तिथले जुने मालक इंग्रॅम घराणं. त्यांना १६६१ मध्ये स्कॉटलंडच्या उमरावीत ‘व्हायकाउंट अर्विन’ ही पदवी मिळाली, आणि ती पदवी व्हीने तशी डब्ल्यूनेही लिहिली जायची. १७७८ मध्ये त्या घराण्यात पुरुष वारस राहिला नाही आणि पदवी संपली. वाडा मात्र वारशात फिरत फिरत १९०४ मध्ये आत्याकडनं या एडवर्ड वुडकडे आला. १९२२ मध्ये त्यानं तो लीड्स महापालिकेला विकला आणि तीन वर्षांनी पदवी घेतली ती ‘आयर्विन’.

म्हणजे पुलावरचं नाव माग काढत गेलं तर स्कॉटलंडच्या त्या नदीकाठच्या गावापाशी जाऊन थांबतं. रानडुकराचा तिथं संबंध येत नाही. १९२९ मध्ये कृष्णेवर बांधलेल्या पुलाच्या नावाच्या मुळाशी एक नदीच निघते. दर पावसाळ्यात ‘आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर, इशारा पातळी, ४५ ला धोका’ अशी बातमी येते तेव्हा मला ही गोष्ट हमखास आठवते.

रंकाळाकाठ

हे ठाऊकच नव्हतं, आभार. मग आमच्या पोराच्या नावाचा अर्थ आम्ही कोणता सांगायचा? पणजोबांना पुलावरनं नाव ठेवलं होतं की एखाद्या मिशनऱ्यावरनं, ते सांगणारं आता कुणी राहिलेलं नाही.

जुना_बुधवार

व्यक्तिनाव म्हणून ठेवताय आणि स्पेलिंग डब्ल्यूने करणार असाल, तर ‘रानडुक्कर आणि मित्र’ हाच अर्थ सांगा. मी मुद्दाम ‘रानडुकराचा मित्र’ असं लिहीत नाही. साइटींवरची खरी गोची तिथंच आहे.

जुनी जर्मानिक (इंग्रजी-जर्मन भाषाकुळातली) नावं दोन घटकांची असत. घटक ठरावीक होते. लांडगा, रानडुक्कर, अस्वल, भाला, कीर्ती, संपत्ती, सल्ला, मित्र, संरक्षण. त्यांची जोडणी वाक्यासारखी वाचायची नसते. आईच्या नावातला एक तुकडा, बापाच्या नावातला दुसरा, अशीही नावं ठेवत. वूस्टरचे बिशप संत वुल्फस्टन (मृत्यू १०९५) यांची आई वुल्फगिफू आणि वडील ॲथेलस्टन. आईचा ‘वुल्फ’, बापाचा ‘स्टन’, झालं मुलाचं नाव. आता त्याचा ‘लांडगादगड’ असा अर्थ लावत बसलं तर काही हाती लागणार नाही. आपल्याकडे हल्ली आईबापांच्या नावांतली अक्षरं जोडून मुलाचं नाव करतात, त्यातला प्रकार. फरक इतकाच की तिथल्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा भारदस्त अर्थ होता.

राजघराण्यांत तर एकच तुकडा पिढ्यान्‌पिढ्या चाले. वेसेक्सच्या ॲथेलवुल्फ राजाचे मुलगे ॲथेलबाल्ड, ॲथेलबर्ट, ॲथेलरेड आणि आल्फ्रेड. ‘ॲथेल’ म्हणजे कुलीन. धाकट्या आल्फ्रेडचा तुकडा निराळा आणि मोठेपणी तोच सगळ्यांत गाजला.

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर ही नावं मागं पडली. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड यांची लाट आली. जुनी नावं उरली ती बहुतेक आडनावांत. पुढं एकोणिसाव्या शतकात आडनाव पहिलं नाव म्हणून ठेवायची पद्धत रुळली तेव्हा आयर्विन पुन्हा वर आलं. म्हणून पहिलं नाव आयर्विन असलेली माणसं मुख्यतः गेल्या दीडशे वर्षांतली, त्यातही अमेरिकेत जास्त. तिथल्या ज्यू स्थलांतरितांनी इस्रायल, आयझॅक अशा नावांऐवजी मुलांना आयर्विन, अर्व्हिंग ठेवलं. गीतकार अर्व्हिंग बर्लिनचं जन्मनाव इस्रायल. २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एक आयर्विन रोज, त्यांचं मात्र हे पहिलंच नाव. अपोलो १५ मधून १९७१ मध्ये चंद्रावर उतरलेले जेम्स आयर्विन यांचं ते आडनाव.

ब्रह्मपुरी_टेकडी

रानडुकरामुळे नाव टाकू नका, एवढं कळकळीनं सांगतो. हा प्राणी त्या काळच्या इंग्लंडमध्ये कशाचं चिन्ह होता ते आधी घरच्यांना दाखवा.

डर्बीशायरमध्ये बेंटी ग्रेंज इथं १८४८ मध्ये एका थडग्याच्या उत्खननात सातव्या शतकातलं शिरस्त्राण सापडलं. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, आणि माथ्यावर कांशाचं रानडुक्कर उभं. डोळ्यांच्या जागी तांबडे गार्नेट खडे, सोन्याच्या कोंदणात. आणि त्याच शिरस्त्राणाच्या नाकपट्टीवर चांदीचा क्रूस जडवलेला. वर रानडुक्कर, खाली क्रूस, एकाच योद्ध्याच्या डोक्यावर. ते आज शेफिल्डच्या संग्रहालयात आहे. १९९७ मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये आणखी एक शिरस्त्राण मिळालं, त्याच्याही माथ्यावर रानडुक्कर आहे. सटन हूच्या राजेशाही दफनात सापडलेल्या खांद्यावरच्या सोन्याच्या कड्यांवरही रानडुकरं घडवलेली आहेत.

कारण साधं आहे. रानडुक्कर जखमी झालं तरी पळत नाही, उलटं अंगावर येतं. म्हणून ते डोक्याचं रक्षण करतं अशी श्रद्धा होती. आणि ‘विने’ हा शब्दही नुसता दोस्तापुरता नव्हता. आपल्या माणसांना सांभाळणाऱ्या, त्यांना सोनं वाटणाऱ्या राजाला जुन्या काव्यांत ‘गोल्डविने’ म्हणत. म्हणजे शूर प्राणी आणि पाठीशी उभा राहणारा माणूस, असे हे दोन तुकडे आहेत.

आपल्या भागाला हे नवं वाटायला नको. कोल्हापूरवर ज्यांचं राज्य होतं त्या बदामीच्या चालुक्यांचं राजचिन्ह वराह. सोन्याच्या होनाला ‘वराह’ म्हणत ते नाण्यावरच्या याच चित्रावरून. शिलाहारांनी गरुड घेतला, चालुक्यांनी वराह. वाघोजी, नागोजी ही नावं आपण आनंदानं ठेवत आलोच की. फक्त ‘वराह’ आणि ‘एओफोर’ हे शब्द एकमेकांचे नातेवाईक नाहीत, तसं कुणाला सांगू नका. ‘एओफोर’चे सख्खे म्हणजे जर्मन ‘एबर’ आणि लॅटिन ‘आपेर’.

पेठेतला_गोलकीपर

एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या नावातला ‘एव्हर’ तोच का? आमच्या पेठेत त्या क्लबाचे चाहते आहेत, म्हणून विचारतोय.

ब्रह्मपुरी_टेकडी

तोच. ‘एओफोर’ अधिक ‘टून’, म्हणजे रानडुकरांची वस्ती. लिव्हरपूलमधला तो भाग मुळात खेडं होता. एव्हरार्ड, एव्हरेट या नावांतही तोच प्राणी आहे, तिथं जोडीला मित्राऐवजी ‘हार्ड’, म्हणजे कणखर. यॉर्क शहराची गोष्ट तर फार सुंदर आहे. रोमनांनी त्याला एबोराकम म्हटलं होतं. अँग्लो-सॅक्सनांना त्या शब्दाचा अर्थ लागेना, म्हणून त्यांनी तो आपल्या ऐकीव ‘एओफोर’मध्ये बसवला आणि ‘एओफोरविक’ केलं. पुढं डेन लोकांच्या तोंडी त्याचं ‘योर्विक’ झालं आणि शेवटी यॉर्क. नाव तेच राहतं, अर्थ मात्र लोक आपल्या भाषेतून घालतात.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

स्पेलिंगचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. व्हीने लिहिलेलं आय-आर-व्ही-आय-एन किंवा शेवटी ई लावलेलं रूप स्कॉटिश गावाकडे जातं. शेवटी जी लावलं की अर्व्हिंग, तेही स्कॉटलंडच्या सीमाभागातलं स्थळनाव. १३२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस राजानं ॲबर्डीनशायरमधली ड्रमची जमीन विल्यम डी अर्विन याला दिली, त्या घराण्याला आज अर्विन ऑफ ड्रम म्हणतात. आयर्लंडच्या उत्तरेत डब्ल्यूवाले आयर्विन पुष्कळ, त्यांतले बरेच सतराव्या शतकात स्कॉटलंडमधनं तिथं वसलेले. काहींचं मूळ आडनाव मात्र आयरिश, ‘ओ हेरेव्होन’, ते इंग्रजीत आयर्विन लिहिलं गेलं. म्हणजे आडनाव असेल तर अर्थ घराण्यागणिक बदलतो. तुमचं पहिलं नाव आहे, म्हणून डब्ल्यू ठेवा, अर्थात घोळ राहणार नाही. व्यवहाराचाही फायदा आहे. शेवटी ई असलेलं स्पेलिंग लोक कॅलिफोर्नियातल्या शहरासारखं ‘अर्वाइन’ वाचतात.

दसरा_चौक_नोंदणी

आता कागदाचं, कारण नाव अडतं ते बहुतेक वेळा इथंच.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती तुमची झाली आहे. नाव नंतर घालता येतं. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांत घातलं तर फी लागत नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा घाई नको. पण एकदा नाव चढलं की दुरुस्ती फक्त लिखाणातल्या चुकीची होते. मत बदललं म्हणून नाव बदलायला गेलात तर राजपत्राचा लांबचा रस्ता. म्हणून स्पेलिंग आणि देवनागरी दोन्ही आत्ताच पक्कं करा.

आपल्या दाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे येतं. अर्जात दोन्ही स्वतः लिहा. डब्ल्यू आणि व्ही, दोन्हींना मराठीत व. त्यामुळे मराठी बरोबर असूनही इंग्रजीत समोरचा आपल्या मनानं व्ही टाकू शकतो. इंग्रजी मोठ्या अक्षरांत, अक्षर सुटं सुटं लिहून द्या, आणि छापायच्या आधी पडद्यावर दाखवायला सांगा.

देवनागरीत तीन पर्याय दिसतात. इंग्रजी उच्चाराला सगळ्यांत जवळ ‘अर्विन’, त्यातला पहिला स्वर ‘बर्ड’मधल्यासारखा. पण इथं अर्विन लिहिलं की निम्मे लोक अरविंदचं अर्धवट राहिलेलं नाव समजतात, आणि एखाद्या ठिकाणी खरंच ‘अरविंद’ होऊन येतं. ‘इर्विन’ विदर्भात रुळलेलं आहे, अमरावतीचा इर्विन चौक त्याच व्हाइसरॉयच्या नावाचा. आपल्या कोल्हापूर-सांगलीत मात्र पुलामुळे, वर्तमानपत्रांमुळे आणि शाळेतल्या करारामुळे ‘आयर्विन’ घट्ट बसलंय. इंग्रजी आय अक्षराच्या वाचनावरून ते आलं असलं तरी शंभर वर्षांची वहिवाट आहे, शिवाय पणजोबांचंही तेच. ‘आयर्विन’च ठेवा. रफार व वर आहे का तेवढं बघा. ‘आयरविन’ आणि ‘आर्यविन’ या दोन चुका ठरलेल्या, आणि दुसरीनं तर नावाचा अर्थच बदलतो.

आधारसाठी जाल तेव्हा लक्ष ठेवा. इंग्रजी नाव टाकलं की मराठी आपोआप उमटतं आणि तिथं सहसा ‘इरविन’ येतं. ते तिथल्या तिथं दुरुस्त करून घेता येतं, फक्त पावतीवर सही करायच्या आधी सांगावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे जन्मदाखलाच मूळ पुरावा धरतात, त्यामुळे दाखल्यातली एका अक्षराची चूक पुढे सगळीकडे जाते. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं पूर्ण नाव सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमानं लिहायचंय. अर्जात आईचं नाव दाखल्यावर हवं तसंच भरा, घरातलं लाडाचं नाव नको.

रंकाळाकाठ

आजींना शिरस्त्राणाचं, विशेषतः क्रूसाचं सांगितलं. विरोध मावळला. ‘आयर्विन’, डब्ल्यूने, नक्की. एकच राहिलं. बाप्तिस्म्याला बायबलातलं किंवा संताचं नाव सक्तीचं असतं का? नातेवाइकांत दोन मतं आहेत.

जुना_बुधवार

नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत तसा नियमच नाही. कॅथलिकांत १९८३ च्या धर्मसंहितेचा ८५५ वा नियम एवढंच म्हणतो की नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं. आयर्विनला तिथंही अडचण येणार नाही. कुणाला बायबलातलं नाव हवंच असेल तर ते जोडीला बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत घालता येतं. पण मग जन्मदाखल्यावर आणि नोंदवहीत नाव वेगळं होतं, आणि पुढे लग्नाच्या वेळी दोन्ही कागद समोर आले की खुलासा करत बसावं लागतं. शक्यतो दोन्हीकडे एकच ठेवा.

दसरा_चौक_नोंदणी

आणि पाळकसाहेबांना नाव तोंडी सांगू नका. दाखल्याची झेरॉक्स आधी नेऊन द्या, तिच्यावरूनच नोंदवहीत उतरवायला सांगा. बाप्तिस्म्याच्या आधी महापालिकेतला रकाना भरून घ्या, म्हणजे झेरॉक्स हातात असेल.